माळ्यावरच्या छप्पन्न पेट्या

माळ्याबद्दल बोलायचं नाही, हा त्या घरातला सगळ्यात कडक कायदा. कुठे लिहिलेला नव्हता, कुणी कुणाला शिकवला नव्हता, पण पाळायचे मात्र सगळे. इतका, की दादांसमोर कुणाची नजर चुकून छताकडे गेलीच तर त्याने लगेच ‘पंखा जरा आवाज करतोय, नाही?’ असं काहीतरी पुटपुटून वेळ मारून न्यायची. घरासमोरच्या कारखान्यात, पॅकिंगच्या खोलीतल्या त्या पंख्याची गेल्या चौदा वर्षांत जितकी बदनामी झाली, तितकी कुठल्याही पंख्याची झाली नसेल. बिचारा मुळीच आवाज करत नव्हता.

माळा होता त्याच खोलीत, आणि तो होता दादांचा, म्हणजे भावंडांच्या वडिलांचा. वाटणीच्या वर्षी, काका आपलं मशीन घेऊन वेगळे झाले आणि त्या गोंधळात गाडी बनवणाऱ्या कंपनीची लाइन स्प्रिंगांवाचून एक अख्खा दिवस थांबली, तेव्हापासून दादांनी हे सुरू केलं होतं. दर तीन महिन्यांनी, नव्या खेपेतली एक पेटी ते बाजूला काढायचे, तिच्यावर खडूने तारीख घालायचे आणि सगळे जेवायला गेले की शिडी लावून वर नेऊन ठेवायचे. पेटी चपलांच्या खोक्याएवढी, आत पाचशे स्प्रिंगा. गाडीचं दार लावताना जो ‘टक’ असा गोड आवाज येतो ना, तो याच स्प्रिंगेचा. कारखान्याच्या किल्ल्या मुलांच्या हातात देऊन झाल्या, गुडघे कुरकुरायला लागले, चौऱ्याहत्तरी आली, तरी दादांची पेटी चुकली नाही. आणि त्यांना आपलं वाटायचं, की हे कुणालाच माहीत नाही!

त्या रविवारी सकाळी साडेनऊला बेबी त्याच खोलीत उभी होती, फोन कानाला लावून, आणि छताकडे बघत होती. दादा घरी होते, म्हणून बघता येत होतं.

“तुमच्या तक्त्यात सोळा दिवसांचा तयार माल दिसतोय,” पलीकडून कंपनीच्या खरेदीवाल्या बाई म्हणत होत्या. “तुमच्या स्प्रिंगांच्या तारेचं जहाज अडकल्याचं मी ऐकलंय. तरी मी निवांत आहे, का माहितीये? खाली सही तुमची आहे म्हणून. अकराला येते, डोळ्यांनी बघते आणि नव्या गाडीच्या ऑर्डरवर तिथेच सही करते. सोमवारी पुन्हा कशाला धावपळ?”

“या ना,” बेबी म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. फोन ठेवला आणि लगेच घरचा नंबर लावला.

बेबी म्हणजे चव्वेचाळीस वर्षांची बाई होती, बरं का. चष्मा, पांढरी बट, डिस्पॅचची संपूर्ण जबाबदारी, ट्रकवाले तिला चळाचळा कापायचे. पण मोठ्या भावाच्या पाठीवर जन्मली तेव्हा जे बेबी नाव पडलं, ते काही सुटलं नाही. दर शनिवारी कंपनीला मालाचा तक्ता पाठवायचा तो ती. वीस वर्षं. एकदाही एक पेटी इकडची तिकडे झाली नव्हती. तिच्या आकड्यावर पलीकडे कुणीतरी ठरवायचं की उद्या किती गाड्या बनवायच्या, आणि या विचाराने तिला अजूनही दर शनिवारी थोडं ताठ बसावंसं वाटायचं.

आणि काल तिने लिहिलं होतं: सोळा दिवस. खोलीत रचलेला माल दोन दिवसांचा. उरलेल्या चौदा दिवसांसाठी माळ्यावर विसंबणारी ती एकटीच होती, साक्षीला फक्त तो निष्पाप पंखा.

निदान असं तिला वाटत होतं.

दहा मिनिटांत घर रस्ता ओलांडून कारखान्यात आलं. आधी भाऊ, म्हणजे थोरला, मशीनं बघणारा, हात कायम काळे. त्याच्यामागे वहिनी, भाऊची बायको. मालाची तपासणी तिच्याकडे, गळ्यात शिक्का लटकवूनच फिरायची. आणि शेवटी छोटू. सहा फूट उंच, सगळ्यात धाकटा, धंद्याचं मोठं शिक्षण घेऊन आलेला. खरेदी त्याची आणि कंपनीशी बोलणी त्याची. नव्या गाडीच्या ऑर्डरमागे पाच वर्षं हात धुऊन लागला होता. आत्ता दरवाज्यातून येताना नाचत येणंच काय ते बाकी ठेवलं होतं त्याने.

“सही! रविवारी! ताई, अगं हसशील तरी!”

“मशीन का उघडलंय?” बेबीने भाऊला विचारलं. पलीकडच्या खोलीत मोठं मशीन पोट फाडल्यासारखं पडलं होतं आणि ट्रेमध्ये त्याचे कॅम, तारेला वळण कसं द्यायचं ते ठरवणारे ते सहा लोखंडी तुकडे, तेल लावून ओळीने मांडले होते.

“दुरुस्तीला. सहा महिने टाळत होतो. शुक्रवारी उघडलं, गुरुवारपर्यंत जोडतो.”

“गुरुवारपर्यंत? मंगळवारी खोलीतला माल संपतोय! कुणाला विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय?” भाऊने मान खाजवली. “म्हणजे… असेलच ना माल. कुठेतरी.”

“कुठेतरी?”

भाऊची नजर सावकाश वर गेली आणि झटकन खाली आली. “पंखा जरा आवाज…”

“दादा इथे नाहीत!” बेबी ओरडली. “बोल नीट!”

“माळ्यावर आहे की!” भाऊही ओरडला. “चौदाच्या चार रांगा. खालून कडा दिसतात. दिवसाला चार पेट्या लागतात, म्हणजे चौदा दिवस. मला काय मोजता येत नाही?”

मग छोटू खुर्चीत बसला. बसला कसला, कोसळला.

“भाऊ,” तो म्हणाला, “त्या चौदा दिवसांवर माझं जहाज आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तीन महिन्यांपूर्वी मी जुन्या तारवाल्यांना बंद केलं. एकाच ठिकाणाहून सगळी तार घेतली की भाव चांगला मिळतो, आणि नव्या गाडीचा भाव मला त्यावरच बसवता आला. आता ती एकच तार अडकलीय. पुढच्या बुधवारी येईल. मी म्हटलं, तोवर…” त्याने बोट वर केलं.

“तुम्ही तिघंही ना!” वहिनी म्हणाली. “तिघांनी एकच चादर ओढून घेतली आणि प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच झोपलोय!”

“तिघं कशी?” छोटूने विचारलं. मग त्याचं लक्ष बेबीच्या चेहऱ्याकडे गेलं. “ताई? तू पण? तक्त्यात?”

“माल होता म्हणून लिहिला,” बेबी म्हणाली. स्वतःलाच ते फार पातळ वाटलं. “खोटं नाही लिहिलं मी.”

भाऊने बोटांवर हिशेब केला, ओठ हलवत. आणि अचानक त्याचा चेहरा उजळला. “अरे, पण थांबा! बसतंय की! गुरुवारी माझं मशीन तयार, पुढच्या बुधवारी याची तार, आणि आपल्याकडे सोळा दिवस! तिघांनी चादर ओढली खरी, पण चादर मोठी आहे!”

आणि खरंच बसत होतं. छोटूने टाळी वाजवली, बेबीने चष्मा काढून पुसला, भाऊ तर ‘उगाच बोंबाबोंब’ म्हणत चहाच्या थर्मासकडे वळलासुद्धा. सगळं घर एका दमात श्वास घ्यायला लागलं.

वहिनीने मात्र गळ्यातला शिक्का हातात घेतला.

“बाई पेटी उघडायला सांगतील,” ती म्हणाली. “वरच्या एकाही पेटीवर माझा तपासणीचा शिक्का नाही. मी मापाचं गेज लावल्याशिवाय एकही पेटी दाखवू देणार नाही. शिडी आणा.”

“दादांना कळेल,” भाऊ म्हणाला.

“दादा अंघोळीला गेलेत. अर्धा तास तरी बाहेर येत नाहीत. शिडी!”

चौदा वर्षांत दादांखेरीज त्या माळ्यावर कुणी चढलं नव्हतं. वर गेली बेबी. सही तिची होती ना? भाऊ शिडी धरून, छोटू भाऊला ‘नीट धर’ सांगत, आणि भाऊ छोटूला ‘तू मला शिकवू नकोस’ सांगत.

वर धूळ नव्हती! हेच तिला पहिलं जाणवलं. लाकूड स्वच्छ पुसलेलं, कोपऱ्यात घडी घातलेलं फडकं, खडूचा तुकडा एका काडेपेटीत. आणि पेट्या, चौदाच्या चार रांगा, बरोब्बर. अलीकडच्यांवर दादांचे उभे, ताठ आकडे. पार कोपऱ्यातल्या पहिल्या पेटीवर तारीख होती वाटणीच्या महिन्यातली, आणि तिथे अक्षर जरा तिरकं होतं. घाईत लिहिलं असेल, तिने मनात म्हटलं आणि पुढच्या पेटीचं झाकण उघडलं.

“गेज द्या,” ती म्हणाली.

वहिनीने दिलं. बेबीने स्प्रिंग लावून बघितली. बसली नाही. दुसरी लावली. नाही. तिने दुसऱ्या रांगेतली पेटी उघडली. मग तिसरी. मग तिचे हात भराभर चालायला लागले आणि खालच्या तिघांना झाकणांचे नुसते आवाज ऐकू येत राहिले, ठप, ठप, ठप.

“ताई? काय झालं?”

“ही जुन्या गाडीची आहे,” वरून आवाज आला. “हीसुद्धा. ही त्याच्याही आधीच्या गाडीची. भाऊ, आताची स्प्रिंग आपण कधीपासून बनवतो?”

“तीन वर्षं झाली,” भाऊ म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा हात शिडीवरून घसरला.

तीन वर्षं. वर्षाला चार पेट्या.

“बारा,” बेबी म्हणाली. “आपल्या कामाच्या बारा पेट्या आहेत. बाकी चव्वेचाळीस नुसत्या आठवणी.”

बारा पेट्या म्हणजे तीन दिवस. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शनिवारी सकाळी कंपनीची लाइन उभी राहणार आणि पुढच्या गुरुवारपर्यंत हलणार नाही. कामाचे चार दिवस. हजारो माणसं हात बांधून उभी, ट्रक रस्त्यावर, काचवाले, टायरवाले, सीटवाले सगळे अडकलेले, आणि कशामुळे? बोटाच्या पेराएवढ्या एका स्प्रिंगेमुळे!

बेबी खाली उतरली. गेज तिने वहिनीला परत दिलं.

छोटूच पहिला बोलला, आणि अगदी हळू. “बाई शिडी चढणार नाहीत.”

भाऊने शिडी बाजूला घेतली.

“खालून छप्पन्न दिसतात,” तो पुढे म्हणाला. “आपल्याला दिसल्याच ना चौदा वर्षं? पुढच्या रांगेत आपल्या बारा लावायच्या, उघडायला सांगितली तर त्यातली उघडायची. सही होऊन जाईल. मग शनिवारपर्यंत काहीतरी करू. सहा दिवस आहेत. ताई, पाच वर्षं! पाच वर्षं मी त्यांच्या पायऱ्या झिजवल्यात!”

“मशीन मी बुधवारीच जोडतो,” भाऊ म्हणाला. जो भाऊ छोटूशी सरळ दोन वाक्यं बोलत नसे, तो आज त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता. “रात्रंदिवस बसतो. छोटू म्हणतोय त्यात तथ्य आहे.”

“आणि तार? तार काय तुझ्या मिशीची काढणार?” वहिनीने नवऱ्याला विचारलं. “शनिवारी लाइन थांबली की त्या बाई काय म्हणतील? या लोकांनी मला रविवारी पेट्या दाखवल्या होत्या, म्हणतील. मग नवी ऑर्डर सोड, आहे तीही जाईल. मी बेबीकडून आहे.”

“मी अजून काही बोललेच नाही,” बेबी म्हणाली.

“मग बोल!” तिघं एकदम म्हणाले.

ती बोलणार, इतक्यात बाहेर गाडीचं दार लागलं. टक. त्यांचीच स्प्रिंग. आणि पाठोपाठ दादांचा आवाज: “या, या बाई, आमची मंडळी आतच आहेत. रविवारी कारखान्यात? काय रे, आग लागली की काय?”

अकराला यायच्या त्या बाई साडेदहालाच आल्या होत्या. आणि अंघोळीला गेलेले दादा स्वच्छ सदरा घालून, केस विंचरून, यजमानाच्या थाटात त्यांना आत घेऊन येत होते. भाऊने शिडी पाठीमागे दडवायचा प्रयत्न केला. आठ फुटांची शिडी! ती काय दडणार? त्याच्या दोन्ही खांद्यांवरून ती दिसत राहिली.

खरेदीवाल्या बाई बुटक्या, भरभर चालणाऱ्या, उगाच गोड न बोलणाऱ्या. त्यांनी खोलीतल्या आठ पेट्यांवर नजर टाकली. “हे दोन दिवस. आणि चौदा दिवसांचा राखीव माल? तक्त्यात ‘वर’ असं लिहिलंय. वर म्हणजे… हाच का माळा?”

खोलीत असा सन्नाटा पसरला की त्या दिवशी पंख्याने खरंच आवाज केला असता तरी चाललं असतं.

दादांनी बाईंकडे पाहिलं. मग मुलांकडे, एकेकाकडे. मग शिडीकडे. त्यांचे कान हळूहळू लाल झाले. “तक्त्यात?” ते इतकंच म्हणाले.

बाई मात्र मान वर करून मोजत होत्या. “चौदा… चोक छप्पन्न. हं. बरोबर.” त्यांनी पिशवीतून कागद काढले. नव्या गाडीची ऑर्डर. पॅकिंगच्या टेबलावर कागद पसरले आणि पेनाचं टोपण उघडलं. “खरं सांगू? दहा कारखान्यांत जाते मी. नऊ ठिकाणी कागदावर माल असतो आणि जमिनीवर हवा. तुमच्याकडे तसं होत नाही.”

छोटूने डोळे मिटले होते. भाऊ आपल्या काळ्या हातांकडे बघत होता. वहिनी बेबीकडे. पेन कागदाच्या इतकं जवळ आलं होतं की बेबीला शाईचा वास आला. म्हणजे येत नसेल, पण तिला आला. एवढंच करायचं होतं: गप्प राहायचं. गप्प राहण्यात तर या घराचा हात कुणी धरला नसता!

“बाई, सही करू नका,” बेबी म्हणाली. “सोळा नाहीत. पाच आहेत.”

पेन थांबलं.

“वर छप्पन्न पेट्या आहेत, पण त्यातल्या बाराच आताच्या स्प्रिंगेच्या. मी न बघता लिहिलं. अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा वर चढले. आमचं मशीन उघडं आहे, तार पुढच्या बुधवारी येणार. शनिवारपासून चार दिवस तुम्हाला द्यायला आमच्याकडे एकही स्प्रिंग नाही.”

“ताई!” छोटूच्या तोंडून निघालं, आणि त्या एका शब्दात पाच वर्षं होती.

बाईंनी टोपण लावलं. सावकाश, फिरवून फिरवून. “सही तुमची होती,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी त्या सहीच्या भरवशावर झोपत होते.”

“माहितीये.” बेबीला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट गेल्या तासाभरात पहिल्यांदा तिचा आवाज तिला स्वतःचा वाटला. “पण आज रविवार आहे. शनिवार लांब आहे. शुक्रवारी सांगितलं असतं तर तुमच्या हातात काहीच राहिलं नसतं.”

“बाराच आहेत,” दादा म्हणाले.

सगळे वळले. ते शिडीजवळ उभे होते, एक हात पायरीवर. “मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुठली पेटी कुठल्या गाडीची, तारखेसकट. जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, कुणाला लागली एखादी स्प्रिंग तर द्यायची कुठून? म्हणून ठेवतो. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकाने विचारलं नाही?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून,” भाऊ पुटपुटला.

“आणि आता फार छान वाटतंय मला!”

वहिनीला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात घातलं. बाईसुद्धा क्षणभर दुसरीकडे बघायला लागल्या.

“चार दिवसांच्या सोळा पेट्या,” बाई म्हणाल्या. “दुसरीकडे कुठे हीच स्प्रिंग बनू शकते? नवीन टूल करायला महिना जातो, तसलं सांगू नका.”

बेबीने दादांकडे पाहिलं, तर ते मशीनच्या खोलीकडे बघत होते, ट्रेमधल्या त्या सहा कॅमकडे. चौदा वर्षांपूर्वी या कारखान्यात दोन मशीनं होती. एकाच दिवशी घेतलेली, एकसारखी, जुळी. वाटणीत एक इथे राहिलं, एक गेलं. एकाचे कॅम दुसऱ्यात चपखल बसतात, हे या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि ज्यांच्याकडे ते दुसरं मशीन होतं, त्यांचं नाव घ्यायचं नाही हा घरातला दुसरा कायदा होता.

दादांनीच तो मोडला.

“माझ्या धाकट्या भावाकडे,” ते म्हणाले. “मशीन तेच आहे. आणि जुन्या तारवाल्यांची तारही अजून तोच घेतो. त्याने नाही बंद केलं.”

छोटूची मान खाली गेली.

“ते तुमच्यावर उपकार का करतील?” बाईंनी विचारलं. त्यांना बाजारातली सगळी भांडणं माहीत असायची. “आणि मीही त्यांना फुकट राबायला सांगणार नाही. माझी चूक मला कळली: एकाच दाराशी उभी होते मी, जशी तुम्ही एकाच तारेशी. नवी गाडी दोघांकडे. अर्धी तुम्ही, अर्धी ते. उद्या सकाळी नऊपर्यंत मला त्यांच्या मशीनवरची पहिली स्प्रिंग दाखवा. नाहीतर दोघांनाही नाही, मी तिसरा शोधते.”

“अर्धी?” छोटू उठला. “बाई, सगळी मी आणलीय! पाच वर्षं! त्यांनी एक फोनसुद्धा केला नसेल तुम्हाला! दादा, सांगा ना तुम्ही!”

सगळे दादांकडे बघायला लागले. बेबीला वाटलं, आता ते नाही म्हणणार. चौदा वर्षांत त्यांनी भावाच्या गल्लीतून गाडीसुद्धा नेऊ दिली नव्हती. ते नाही म्हणाले, तर तिचं खरं बोलणं म्हणजे घराला आपल्या हाताने लावलेलं कुलूप.

दादांनी छोटूच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या.

“पाच वर्षं तुझी गेली, चौदा माझी,” ते म्हणाले. “भाऊ, कॅम नीट गुंडाळ. बेबी, गाडी काढ. आणि वरची ती कोपऱ्यातली पहिली पेटी खाली दे.”

कुणी विचारलं नाही, ती कशाला. मग दादाच म्हणाले, “अरे, विचारा की आता! सवय लावून घ्या.”

“कशाला ती, दादा?” भाऊने आज्ञाधारकपणे विचारलं.

“ते तिथे गेल्यावर.”

गाडीत बेबी, शेजारी दादा, मांडीवर पेटी. मागे भाऊ कॅमचा ट्रे तान्ह्या बाळासारखा धरून, आणि त्याच्या शेजारी छोटू, खिडकीबाहेर बघत. “मी येणार नाही” असं तीनदा म्हणून तो सगळ्यात आधी गाडीत बसला होता. अख्ख्या रस्त्यात एकच वाक्य झालं. छोटू म्हणाला, “तारवाल्यांना मी फोनवर फार वेडंवाकडं बोललो होतो.” आणि भाऊ म्हणाला, “तू मला रोज बोलतोस, मी काय मेलो?”

काकांचा कारखाना लहान होता. रविवार असूनही दार उघडं. काका दारातच बसून हात पुसत होते. दादांचंच नाक, दादांचेच कान, फक्त डोक्यावर केस नाहीत. गाडीतून कोण उतरलं ते त्यांनी पाहिलं आणि फडकं हातातच राहिलं. उठले नाहीत. ‘या’ही म्हणाले नाहीत.

बेबीचं लक्ष त्यांच्या मागच्या फळ्यावर गेलं. रोज किती माल झाला, ते खडूने लिहिलेलं. तिरकं अक्षर. सगळे आकडे उजवीकडे झुकलेले, पळत सुटल्यासारखे. तिने दादांच्या हातातल्या पेटीकडे पाहिलं. तिच्यावरची तारीखही याच अक्षरात होती.

दादा पुढे गेले आणि पेटी काकांच्या समोरच्या टेबलावर ठेवली.

काकांनी तारीख वाचली. बोट फिरवलं नाही, खडू पुसला गेला असता. “मशीन हलवायच्या आदल्या दिवशीची खेप,” ते म्हणाले. “मी म्हटलं होतं तुला, एक पेटी बाजूला ठेव, अडचणीला लागेल. तू म्हणालास, तुझी अक्कल तुझ्याबरोबर घेऊन जा.”

“म्हणालो होतो.”

“मग ही कुठे होती इतकी वर्षं?”

छोटू गाडीच्या दारापाशीच थबकला. दादांनी पेटी भावाकडे सरकवली.

“माळ्यावर होती,” ते म्हणाले.

काकांनी फडकं टेबलावर ठेवलं. मग त्यांची नजर भाऊच्या हातातल्या ट्रेवर गेली, मशीनवाल्या माणसाची जाते तशी, आपोआप. “कॅमना तेल लावलंय?”

“लावलंय, काका.”

“मग उन्हात काय उभा राहिलायस? गंजतील. आण आत.” ते उठले, दादांना ओलांडून पुढे गेले आणि बेबीसमोर थांबले. “तक्ता तू करतेस ना अजून? बोल. किती लागतात?”

“सोळा पेट्या, शुक्रवारपर्यंत,” बेबी म्हणाली. आणि मग, दादांकडे न बघता: “सतरा धरा. एक माळ्यासाठी.”

दादांनी मान वर केली आणि सगळ्यांदेखत सरळ छताकडे पाहिलं, इथे माळा कुठे घालता येईल ते शोधत. वर एक जुनाट पंखा होता, आणि तो भयंकर आवाज करत होता. पण त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.